ऑनलाइन अफवांना उद्योग-व्यवसायांनी कसे तोंड द्यावे

इंटरनेट आणि मोबाइलवरून पसरणाऱ्या खोट्या बातम्यांमुळे बँका, खाद्यपदार्थ उत्पादक, कुक्कुटपालक आणि किरकोळ दुकानदार अशा सर्व थरांतील व्यावसायिकांना फटका बसल्याच्या अनेक घटना गेल्या दोन दशकांत देशात घडल्या आहेत. पूर्वी एखादी वावडी गावाच्या वेशीपलीकडे जाण्यास काही दिवस लागत. आता ती काही तासांत अनेक राज्यांत पोहोचते आणि तिचे उगमस्थान बहुधा सापडत नाही.

या घटनांचा एकत्रित विचार केला असता एक बाब स्पष्ट होते. ज्याच्यावर आरोप आहे त्यानेच केलेला इन्कार ग्राहकाला पुरेसा वाटत नाही. ग्राहकाला स्वतः पडताळता येईल असा पुरावा, व्यवसायात हितसंबंध नसलेल्या संस्थेची ग्वाही आणि अफवा ज्या भाषेत व ज्या माध्यमातून पसरली त्याच वाटेने पोहोचणारे उत्तर या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच अफवेचा जोर ओसरतो. कायदेशीर कारवाई आवश्यक असली, तरी ती या तिन्हींची जागा घेऊ शकत नाही.

अफवा का पसरते

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ मध्ये अफवांच्या मानसशास्त्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला. अफवेचे बळ दोन घटकांच्या गुणाकारावर अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पहिला घटक म्हणजे विषयाचे लोकांच्या दृष्टीने असलेले महत्त्व आणि दुसरा म्हणजे त्याविषयीच्या माहितीची संदिग्धता. यांपैकी एक घटक शून्य असेल, तर अफवा उभीच राहत नाही. बँकेतील ठेव, मुलांच्या हातातील खाऊ किंवा घरातील औषध यांचे महत्त्व कमी करणे व्यावसायिकाच्या हाती नसते. संदिग्धता कमी करणे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हाती असते.

या विषयाच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा धागा भारतातही आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये झालेल्या भूकंपानंतर पसरलेल्या अफवांचा अभ्यास जमुना प्रसाद यांनी केला आणि तो १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. भूकंपाचा धक्का जाणवलेल्या लोकांमध्ये आणखी मोठ्या संकटांची भाकिते पसरत होती, असे त्यात आढळले. पुढे लिऑन फेस्टिंजर यांनी याच अभ्यासाचा आधार घेऊन असे मत मांडले की, अफवा नवी भीती निर्माण करण्याऐवजी मनात आधीच असलेल्या भीतीला कारण पुरवते. व्यवसायाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की अफवेतील शब्दांना उत्तर देण्यापूर्वी त्यामागे कोणती भीती आहे हे ओळखणे आवश्यक ठरते.

अफवेच्या वेगाविषयीही माहिती उपलब्ध आहे. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. खरी बातमी पुढे पाठविली जाण्याच्या शक्यतेपेक्षा खोटी बातमी पुढे पाठविली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात दिसून आले. हे काम यंत्रांपेक्षा माणसेच अधिक करतात, असाही त्याचा निष्कर्ष होता.

व्हॉट्सॲपसारख्या माध्यमात अडचण आणखी वाढते. तेथील संदेश कूटबद्ध असल्याने तो कोणत्या गटांत फिरत आहे हे संबंधित कंपनीला दिसत नाही आणि त्याखाली उत्तरही देता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेतून पाच जणांची हत्या झाली. देशात अशा अनेक घटना घडल्यानंतर त्याच महिन्यात या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पाठविण्यावर मर्यादा घातली. वारंवार पुढे पाठविलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असा निर्बंध एप्रिल २०२० मध्ये लागू झाला. त्यामुळे वेग काहीसा मंदावतो, पण अफवा थांबत नाही.

बँकेबाहेरील रांगा : २००३ आणि २००८

बँकेविषयीची अफवा सर्वांत घातक मानली जाते, कारण ती स्वतःला खरी ठरवू शकते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये हा मुद्दा एका काल्पनिक बँकेच्या उदाहरणाने मांडला होता. बँक सुस्थितीत असली, तरी ती बुडणार असे समजून सर्व ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढण्यास आले तर ती खरोखरच अडचणीत येते. कोणतीही बँक सर्व ठेवी रोख स्वरूपात जवळ ठेवत नाही.

एप्रिल २००३ मध्ये गुजरातमध्ये आयसीआयसीआय बँकेविषयी अशी अफवा पसरली आणि शाखा व एटीएम केंद्रांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. सप्टेंबर २००८ मध्ये याच बँकेच्या बाबतीत देशाच्या काही भागांत पुन्हा तसेच घडले. अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही संस्था १५ सप्टेंबर २००८ रोजी दिवाळखोरीत गेली होती. आयसीआयसीआय बँकेच्या ब्रिटनमधील उपकंपनीची लेहमनच्या रोख्यांत काही गुंतवणूक होती आणि बँकेने ती स्वतः जाहीर केली होती. बँकेच्या एकूण आकारमानाच्या तुलनेत ही रक्कम लहान होती. परंतु जगभर बँका कोसळत असताना तेवढा आधार अफवेला पुरेसा झाला.

दोन्ही वेळी सारखाच उपाय उपयोगी पडला. बँकेने पैसे देणे सुरू ठेवले. रिझर्व्ह बँकेने हस्तक्षेप करून बँकेच्या सुस्थितीची ग्वाही दिली. बँकेकडे ठेवीदारांची गरज भागविण्यासाठी पुरेशी रोकड उपलब्ध असल्याचे निवेदन रिझर्व्ह बँकेने ३० सप्टेंबर २००८ रोजी प्रसिद्ध केले. बँकेचे तत्कालीन व्यवस्थापकीय संचालक के. व्ही. कामत यांनीही ठेवीदारांना जाहीर आश्वासन दिले. तथापि, रांगेतील ठेवीदाराच्या दृष्टीने सर्वांत मोठा पुरावा हा त्याच्यापुढील व्यक्तीला खिडकीवर पैसे मिळत आहेत हाच होता.

ब्रिटनमधील मेट्रो बँकेलाही मे २०१९ मध्ये अशाच प्रसंगाला सामोरे जावे लागले. पश्चिम लंडनमध्ये व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या संदेशांमुळे ग्राहकांनी सुरक्षित कप्प्यांतील ऐवज काढून घेण्यासाठी शाखांमध्ये गर्दी केली. बँकेने वृत्ताचा इन्कार केला. मात्र त्याच वर्षी जानेवारीत कर्जांच्या जोखीम-वर्गीकरणात चूक झाल्याचे या बँकेला मान्य करावे लागले होते. जुनी खरी चूक लोकांच्या स्मरणात असली, की नव्या खोट्या बातमीला जमीन सहज मिळते, हे या घटनेतून दिसून आले.

कोंबडी आणि करोना : २०२०

भारतात करोनाचा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये आढळला. त्यानंतर लवकरच कोंबडीचे मांस आणि अंडी खाल्ल्याने हा आजार होतो, असे संदेश छायाचित्रांसह देशभर पसरले. मागणी घसरली आणि फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये जिवंत कोंबडीचा दर उत्पादनखर्चाच्या खूप खाली गेला. कोंबड्यांना रोज खाद्य द्यावेच लागत असल्याने माल रोखून धरणे शक्य नव्हते. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात एका कुक्कुटपालकाने हजारो कोंबड्या जिवंत पुरल्याची घटना घडली. या आपत्तीचा परिणाम कोंबडीखाद्यासाठी लागणाऱ्या मका आणि सोयाबीनच्या मागणीवरही झाला. त्यामुळे ही झळ महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील अशा शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली, ज्यांनी स्वतः एकही कोंबडी पाळली नव्हती.

या अफवेत सत्याचा अंश शोधता येत होता. कोंबड्यांना होणारा ‘संसर्गजन्य ब्रॉन्कायटिस’ हा श्वसनाचा रोगही एका करोना विषाणूमुळेच होतो आणि त्यावरील लस पोल्ट्री व्यवसायात अनेक वर्षांपासून वापरली जाते. हा विषाणू आणि माणसाला होणाऱ्या कोविड-१९ चा विषाणू एकाच मोठ्या कुळातील असले, तरी ते वेगवेगळे आहेत. त्याच सुमारास, मार्च २०२० मध्ये, केरळमधील कोझिकोड येथे बर्ड फ्लू आढळल्याने गोंधळ वाढला. कोंबडीचा करोनाशी काहीही संबंध नाही, या एका वाक्याच्या खंडनापेक्षा नामसाधर्म्य का आहे आणि फरक काय आहे हे समजावून सांगणे अधिक उपयुक्त ठरले असते, असे म्हणण्यास येथे जागा आहे.

केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने कोंबडी खाणे सुरक्षित असल्याचा खुलासा केला. २८ फेब्रुवारी २०२० रोजी हैदराबाद येथे झालेल्या कार्यक्रमात तेलंगणचे तत्कालीन मंत्री के. टी. रामाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यासपीठावर कोंबडीचे पदार्थ खाऊन दाखविले. अन्य काही ठिकाणी उत्पादकांनी अल्प दरात जेवणावळी आयोजित केल्या. या उपायांना प्रसिद्धी मिळाली, पण तोपर्यंत अनेक आठवडे उलटून गेले होते. विखुरलेल्या लहान उत्पादकांची बाजू एका आवाजात आणि पहिल्या काही दिवसांत मांडणारी यंत्रणा आधीपासून तयार असणे किती गरजेचे आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

‘जळते म्हणून प्लास्टिक’

कुरकुरे या खाद्यपदार्थात प्लास्टिक असल्याची अफवा अनेक वर्षे टिकून राहिली. पेटवल्यावर तुकडा जळत राहतो, एवढाच पुरावा त्यासाठी दिला जात असे. प्रत्यक्षात तांदूळ, मका आणि डाळीच्या पिठातील पिष्टमय पदार्थ आणि तेल हे दोन्ही ज्वलनशील आहेत. तळलेला पापडही पेटतो. उत्पादक पेप्सिको कंपनीने घटक पदार्थ दाखविणाऱ्या जाहिराती केल्या आणि २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. फेसबुक, ट्विटर, यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवरील मोठ्या संख्येने असलेले दुवे हटविण्याचा आदेश न्यायालयाने दिला.

या आदेशानंतर वेगळीच चर्चा सुरू झाली. हटविलेल्या मजकुरात निव्वळ थट्टेचा भागही असल्याची टीका झाली आणि अफवा न ऐकलेल्या लोकांपर्यंतही तिची वार्ता पोहोचली. न्यायालयाचा आदेश मजकूर हटवू शकतो, परंतु पदार्थ का जळतो हा प्रश्न त्याने सुटत नाही. त्याचे उत्तर स्वतंत्रपणे द्यावेच लागते.

प्लास्टिकची अंडी आणि प्लास्टिकचा तांदूळ यांविषयीच्या अफवांच्या वेळी भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने माहिती प्रसिद्ध केली. नैसर्गिक अंड्यासारखे हुबेहूब प्लास्टिकचे अंडे तयार करण्याचे तंत्रज्ञान उपलब्ध नसल्याचे प्राधिकरणाने स्पष्ट केले. एखाद्या विक्रेत्याला आपल्या ग्राहकापुढे ठेवण्यासाठी असा खुलासा स्वतःच्या शब्दापेक्षा अधिक मोलाचा असतो.

आधी खातरजमा, मग खंडन

कोणतीही तक्रार अफवा म्हणून फेटाळण्यापूर्वी ती खरी आहे काय याची तपासणी करणे ही पहिली पायरी होय. ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्क चॉकलेटमध्ये अळ्या आढळल्याच्या तक्रारी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या. कंपनीने सुरुवातीला दुकानांतील अयोग्य साठवणुकीकडे बोट दाखविले. पुढे ‘विश्वास’ नावाचा उपक्रम हाती घेऊन विक्रेत्यांना साठवणुकीचे प्रशिक्षण देण्यात आले आणि २००४ च्या सुरुवातीला अधिक सुरक्षित वेष्टन बाजारात आणले गेले. त्यानंतर अमिताभ बच्चन यांचा सहभाग असलेल्या जाहिराती प्रसारित झाल्या. ही घटना अफवेची नव्हती, तक्रारीत तथ्य होते. म्हणूनच येथे खंडन चालले नसते. कारण दूर केल्यावरच ग्वाही देणे शक्य झाले.

खऱ्या तक्रारीला अफवा ठरविणाऱ्या व्यवसायाचा शब्द पुढील वेळी कोणी मानत नाही. त्यामुळे मजकुराचे तीन भाग करणे योग्य ठरते : पूर्णपणे खोटा, अंशतः खरा आणि ग्राहकाचे मत. ‘येथील जेवण बेचव आहे’ हे मत झाले. ‘येथील जेवणाने दहा जण दगावले’ हे विधान झाले आणि ते पडताळता येते. मतावर खंडन किंवा नोटीस देणे अनाठायी आहे. अंशतः खऱ्या मजकुरातील खरा भाग प्रथम मान्य करावा आणि मग चुकीचा भाग दाखवून द्यावा.

पहिल्या चोवीस तासांत काय करावे

मजकुराचे स्वरूप निश्चित झाल्यावर पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

१. नोंद ठेवणे. मजकूर, दुवा, दिनांक, वेळ, पाठविणाऱ्याचे नाव किंवा क्रमांक यांची छायाचित्रे जतन करावीत. मूळ संदेश ज्या मोबाइलवर आला त्यातून तो पुसू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागते.

२. व्याप्ती पाहणे. दोन-चार जणांनी वाचलेल्या मजकुराला जाहीर उत्तर दिल्यास अफवेचीच जाहिरात होते. ग्राहक विचारणा करू लागले, विक्रीत फरक पडला, मजकूर अन्य भाषांत उतरला किंवा कोणाच्या सुरक्षिततेला धोका निर्माण झाला तर विलंब करू नये.

३. कर्मचाऱ्यांना प्रथम सांगणे. ग्राहक मुख्यालयाला विचारत नाही. तो गल्ल्यावरील माणसाला, वितरकाला किंवा पार्सल आणणाऱ्याला विचारतो. त्यांच्यापैकी एकाने ‘आम्हालाही तसेच ऐकू आले आहे’ असे म्हटले, तर प्रसिद्धिपत्रक निरुपयोगी ठरते.

४. एकच प्रवक्ता नेमणे. दोन अधिकाऱ्यांनी दोन वेगळी कारणे दिल्यास संदिग्धता वाढते.

५. वेळ पाळणे. तपासणी सुरू असेल तर तसे सांगावे आणि पुढील माहिती केव्हा दिली जाईल ते जाहीर करावे. त्या वेळी सांगण्यासारखे नवे काही नसले तरी निवेदन द्यावे.

खुलासा कसा लिहावा

अमेरिकेत १९७८ च्या सुमारास मॅकडॉनल्ड्सच्या मांसात गांडुळे असल्याची अफवा पसरली होती. तिच्या संदर्भात ॲलिस टायबाऊट, बॉबी काल्डर आणि ब्रायन स्टर्नथल यांनी केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ थेट इन्कार ऐकविल्याने लोकांच्या मनातील अनुकूलता परत येत नाही, असे त्यात आढळले. पदार्थाविषयी वेगळ्या, चांगल्या गोष्टींकडे लक्ष वळविणे अधिक परिणामकारक ठरले.

यावरून खुलाशाचा आराखडा ठरविता येतो. शीर्षकात आणि पहिल्या वाक्यात अफवा न देता सत्य द्यावे. ‘आमच्या तेलात भेसळ नाही’ या वाक्यापेक्षा ‘आमच्या तेलाच्या प्रत्येक घाण्याची प्रयोगशाळेत तपासणी होते आणि अहवाल दुकानात पाहता येतो’ हे वाक्य चांगले. त्यानंतर कोणती चुकीची माहिती फिरत आहे हे एकदाच, मोजक्या शब्दांत सांगावे. ती चुकीची का आहे याचे कारण द्यावे आणि शेवटी पुन्हा सत्य सांगून ग्राहकाने कोठे व कशी खात्री करावी हे नमूद करावे.

मोघम शब्द टाळावेत. ‘गुणवत्तेशी तडजोड नाही’ किंवा ‘हितशत्रूंचे कारस्थान’ अशा शब्दांतून वाचकाला काहीही पडताळता येत नाही. दिनांक, तपासणी क्रमांक, माल-गट क्रमांक आणि दूरध्वनी क्रमांक यांनी ते साध्य होते. खुलाशावर दिनांक असणे विशेष आवश्यक आहे, कारण जुन्या अफवा काही वर्षांनी पुन्हा फिरू लागतात.

भाषा आणि माध्यम यांकडेही बहुधा दुर्लक्ष होते. संदेश मराठी, हिंदी किंवा तमिळमधून ध्वनिफितीच्या रूपात फिरत असताना कंपनीने केवळ इंग्रजीतून संकेतस्थळावर निवेदन ठेवले तर ते योग्य वाचकापर्यंत जात नाही. ज्या भाषेत अफवा त्याच भाषेत, तेवढ्याच लांबीचा आणि सहज पुढे पाठविता येईल असा खुलासा तयार करावा.

ग्वाही कोणाची

बँकेला रिझर्व्ह बँकेची, खाद्यपदार्थाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची आणि कुक्कुटपालनाला पशुवैद्यकांची ग्वाही उपयोगी पडते. मात्र ग्वाही देणारी व्यक्ती अफवेच्या वाचकाला विश्वासार्ह वाटली पाहिजे. अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या चंद्र आणि ताऱ्यांच्या बोधचिन्हाचा संबंध सैतानाच्या उपासनेशी जोडणारी अफवा १९८० च्या दशकात तेथील धार्मिक समुदायांत पसरली. कंपनीने जेरी फॉलवेल यांच्यासारख्या धर्मोपदेशकांकडून पत्रे मिळवून ती वितरित केली, कारण त्या श्रोत्यांना त्यांचाच शब्द पटणारा होता. तरीही १९८५ मध्ये कंपनीने ते चिन्ह आपल्या उत्पादनांवरून काढून टाकण्याचा निर्णय घेतला.

लहान व्यावसायिकासाठी ही भूमिका गावातील डॉक्टर, शाळेचे मुख्याध्यापक, ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते किंवा नित्याचे ग्राहक पार पाडू शकतात. त्यांना पैसे देऊन बोलावणे मात्र उलटते. स्वयंपाकघर किंवा कारखाना पाहण्यास खुला करणे हा कमी खर्चाचा आणि परिणामकारक मार्ग आहे.

कायदा कोठवर साथ देतो

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्यामुळे त्या कलमाखाली तक्रार करता येत नाही. भारतीय न्याय संहितेत बदनामीसाठी कलम ३५६ आणि सार्वजनिक शांततेला बाधा आणणाऱ्या खोट्या विधानांसाठी कलम ३५३ आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. बदनामीच्या तरतुदीत कंपनी किंवा व्यक्तिसमूहाची बदनामीही अंतर्भूत आहे. तथापि, हा अदखलपात्र गुन्हा असल्याने दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करावी लागते. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा सामान्यतः मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत दाखल करावा लागतो.

समाजमाध्यम कंपन्यांनी तक्रार निवारण अधिकारी नेमणे २०२१ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. त्यांच्या निर्णयाने समाधान न झाल्यास केंद्र सरकारने नेमलेल्या अपील समितीकडे दाद मागता येते. परंतु २०१५ च्या त्याच निकालानुसार मजकूर हटविण्याची सक्ती न्यायालयाच्या आदेशाने किंवा सरकारी अधिसूचनेनेच होऊ शकते. सायबर गुन्ह्यांची तक्रार राष्ट्रीय पोर्टलवर किंवा स्थानिक सायबर पोलीस ठाण्यात नोंदविता येते. पत्र सूचना कार्यालयाचा तथ्य-तपासणी विभाग केंद्र सरकारशी संबंधित माहितीच तपासतो. खासगी व्यवसायाविषयीची अफवा त्याच्या कक्षेत येत नाही.

न्यायालयीन मार्गाला लागणारा वेळ लक्षात घेणे आवश्यक आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बलविषयीची अफवा प्रतिस्पर्धी कंपनीच्या काही वितरकांनी १९९५ मध्ये ध्वनिसंदेशाद्वारे पसरविली होती. त्या प्रकरणी ज्यूरीने कंपनीला १ कोटी ९२ लाख ५० हजार डॉलर भरपाई मंजूर केली ती मार्च २००७ मध्ये. प्रतिस्पर्ध्याने जाणूनबुजून बदनामी केल्याचा पुरावा असेल, धमकी दिली जात असेल किंवा हिंसेचा धोका असेल तेव्हा कायद्याचा मार्ग त्वरित अवलंबावा. गैरसमजातून संदेश पुढे पाठविणाऱ्या सामान्य ग्राहकाला नोटीस पाठविल्यास तो शत्रू होतो. त्यालाच योग्य माहिती दिल्यास तो ती पुढे पाठविण्याची शक्यता असते.

शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपन्या

शेअर बाजारात अफवेचे नुकसान काही मिनिटांत होते. २५ ऑगस्ट २००० रोजी अमेरिकेतील एम्युलेक्स कंपनीच्या नावाने बनावट प्रसिद्धिपत्रक इंटरनेटवरील वृत्तसेवेद्वारे प्रसारित झाले आणि समभागाचे मूल्य निम्म्याहून अधिक घसरले. व्यवहार थांबवून खुलासा झाल्यावर त्याच दिवशी भाव बव्हंशी सावरला, पण मधल्या वेळेत समभाग विकणाऱ्यांचे नुकसान भरून निघाले नाही.

भारतात भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने, म्हणजेच सेबीने, याबाबत नियम केला आहे. प्रमुख प्रसारमाध्यमांतील अफवेमुळे समभागाच्या भावात लक्षणीय हालचाल झाल्यास संबंधित कंपनीने २४ तासांच्या आत वृत्ताला दुजोरा देणे, इन्कार करणे किंवा स्पष्टीकरण देणे आवश्यक आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांना हा नियम १ जून २०२४ पासून आणि पहिल्या २५० कंपन्यांना १ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. या कंपन्यांपुढे मौनाचा पर्याय उरलेला नाही.

लहान व्यावसायिकांसाठी पूर्वतयारी

मोठ्या कंपनीकडे जनसंपर्क विभाग आणि वकील असतात. खानावळ, मिठाईचे दुकान, दूध संकलन केंद्र किंवा पतसंस्था यांच्याकडे बहुधा यांपैकी काहीच नसते आणि एका आठवड्याचा तोटाही त्यांना परवडत नाही. त्यांच्यासाठी तयारी अफवेपूर्वीच करणे हाच मार्ग उरतो. अन्न व्यवसायाचा १४ अंकी परवाना क्रमांक दर्शनी भागात लावावा. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून ठरावीक काळाने तपासणी करून अहवाल जपून ठेवावेत. माल कोठून आला याच्या पावत्या सांभाळाव्यात. नेहमीच्या ग्राहकांच्या संमतीने त्यांचे क्रमांक एका सूचीत ठेवावेत. अन्न व औषध प्रशासनाचे स्थानिक कार्यालय, सायबर पोलीस ठाणे आणि व्यापारी संघटना यांचे दूरध्वनी क्रमांक हाताशी असावेत. पतसंस्थांनी लेखापरीक्षण अहवाल आणि तरलतेची स्थिती सभासदांना वेळच्या वेळी द्यावी. सभासदाला या गोष्टी पहिल्यांदाच रांगेत उभे राहून ऐकाव्या लागू नयेत.

व्यापारी संघटनांची जबाबदारी यात मोठी आहे. एका दुकानाविषयीची अफवा पाहून शेजारचा दुकानदार गप्प राहिला, तर तीच अफवा काही दिवसांत संपूर्ण व्यवसायाला गाठते. कुक्कुटपालनाच्या बाबतीत हेच घडले. संघटनेने एक प्रवक्ता, एक तज्ज्ञ आणि स्थानिक भाषेतील खुलाशाचा नमुना आधीच निश्चित करून ठेवल्यास पहिले दोन-तीन दिवस वाया जात नाहीत.

अफवा ओसरल्यावर तिचे उगमकारण शोधणे हा शेवटचा टप्पा होय. ग्राहकांना कोणती माहिती मिळत नव्हती, कोणत्या जुन्या तक्रारीचे उत्तर दिले गेले नव्हते आणि पहिला प्रश्न विचारणाऱ्याला कोणी काय सांगितले याची नोंद करून त्यानुसार पाटी, वेष्टन किंवा कार्यपद्धती बदलावी. खोटी बातमी कोणाविषयीही पसरू शकते. ज्याचे हिशेब, परवाने आणि तपासणी अहवाल एरवीही लोकांसमोर असतात, त्याला ती खोटी असल्याचे दाखविण्यास कमी वेळ लागतो.